एका तपानंतर निघालेली मोटार : शेठ वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी आपल्या सोलापुरात झाला. त्यांचे आडनाव दोशी, पण त्या आडनावाने त्यांना फारसे कुणी ओळखत नाही. घराणे मूळचे काठेवाडातल्या वांकानेरचे, जैन धर्माचे. व्यापारासाठी पूर्वज इकडे आले आणि सोलापूरचेच होऊन गेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार होता, पेढी होती. वालचंद अगदी तान्हे असतानाच त्यांची आई वारली.

पुस्तकात त्यांचे नाव येते ते बहुतेक जहाजासाठी. विमानासाठीही येते. आम्ही मात्र हा लेख त्यांच्या मोटारीसाठी लिहायला घेतला. जहाज त्यांनी एका फटक्यात विकत घेतलं, विमानाचा कारखाना वर्षा-सव्वा वर्षात उभा केला, पण मोटारीने त्यांना बारा वर्षे थांबायला लावलं. बारा वर्षे म्हणजे एक तप.

शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पण बी.ए. पुरे न करताच परत आले. घरचा धंदा तयार होता. गादीवर बसायचे, लोडाला टेकायचे आणि वह्या पाहायच्या, एवढेच काम. ते काही त्यांना मानवले नाही. त्या वेळी लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ होते. ते आधी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले. फाटकांना कामाची माहिती होती पण पैसा नव्हता, वालचंदांकडे पैसा होता पण कामाची माहिती नव्हती. दोघे भागीदार झाले. सुरुवात झाली ती बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून. ही तीच छोट्या रुळांची आगगाडी, जिच्या गोष्टी आपले आजी-आजोबा अजून सांगतात. आता तिथे रुंद रूळ पडले आहेत.

मग रूळ, पूल, बोगदे अशी कामे येत गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदेही त्यांच्या कंपनीने केले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. त्याच साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. ह्यूम पाइप म्हणजे सिमेंटचे ते मोठे नळ. साचा गरगर फिरवून ते बनवतात, म्हणजे सिमेंट कडेला घट्ट बसते. रस्त्याच्या मोऱ्यांसाठी आणून टाकलेल्या अशा नळांतून आपण सगळेच आरपार पळालो आहोत, तेव्हा या कंपनीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

आता जहाजाचे थोडे सांगतो, कारण त्याशिवाय मोटारीचे नीट समजणार नाही.

१९१९ साली पहिले महायुद्ध नुकते संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज होते, नाव लॉयल्टी. युद्धात ते जखमी शिपायांसाठी दवाखान्याचे जहाज म्हणून वापरले होते. आता ते विकायचे आहे असे वालचंदांच्या कानावर आले. त्यांना जहाजाच्या धंद्याचा काहीएक अनुभव नव्हता. रेल्वेचे कंत्राटदार ते! पण त्या वेळी आपल्या किनाऱ्यावर मोठी वाहतूक सारी इंग्रजांच्या कंपन्यांच्या हातात होती. माल आपला, बंदर आपले, भाडे मात्र त्यांच्या खिशात. वालचंदशेठनी जहाज बघितले आणि घ्यायचे ठरवून टाकले. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद हे मुंबईचे बडे व्यापारी त्यांच्या सोबत उभे राहिले. कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. सिंदिया म्हणजे शिंदेच.

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः शेठजी आणि नरोत्तम मोरारजी तिच्यावर होते. हा दिवस १९६४ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पण पुस्तकात बहुधा इथेच धडा संपतो आणि पुढचे राहून जाते. लॉयल्टी काही नवी कोरी नव्हती, तीस वर्षांची म्हातारी होती. ती तोट्याची ठरली आणि १९२३ साली भंगारात गेली. इंग्रज कंपन्यांनी भाडे पार खाली आणले. त्यांच्याकडे शंभर जहाजे, त्यांना तोटा सोसायला काय जाते? त्यांच्यातले सर्वांत बलाढ्य लॉर्ड इंचकेप, ते सिंदिया कंपनीच विकत घ्यायला तयार होते. शेठजी आणि त्यांच्या सोबत्यांनी विकली नाही. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने जहाजे किती ठेवायची, कुठे चालवायची, यावर त्यात बंधने होती. शेठजींना तो करार मनातून कधीच आवडला नाही. पण कंपनी जगली.

आमच्या मते याच ठिकाणी त्यांचा स्वभाव कळतो. सगळी जुळणी झाल्यावर काम सुरू करू, असे ते करत नसत. आधी उडी, मग पोहणे. त्यात कधी नाकातोंडात पाणी जाई. ते काही हिशेब न करणारे नव्हते. पण सगळा हिशेब पुरा होईपर्यंत थांबले, तर ती वस्तू दुसरा घेऊन जातो हेही त्यांना माहीत होते.

साखरेचेही असेच. १९२३ साली त्यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला शेकडो एकर माळरान घेतले. दगडधोंड्यांची जमीन. लोक हसले असणारच. ती नीट केली, ऊस लावला, आणि १९३३ साली साखर कारखाना उभा केला. पुढे तिथेच गोळ्या-चॉकलेटे होऊ लागली. रावळगावच्या गोळ्या आणि पान पसंद कुणाला माहीत नाही? (ते गोळ्यांचे नाव २०२४ साली रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतले.) इंदापूर तालुक्यात कळंब येथे दुसरी ऊसशेती आणि कारखाना झाला. त्या गावालाच आता वालचंदनगर म्हणतात. तिथल्या कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनू लागले.

आता मोटार.

त्या वेळी हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या असे नाही. होत्या, पण परदेशी. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. फोर्डच्याही गाड्या येत. पण या कारखान्यांत मोटार बनत नसे, फक्त जोडत. बोटीतून लाकडी पेट्या यायच्या. एका पेटीत इंजिन, दुसरीत चाके, तिसरीत पत्रे. आपले कामगार पाना घेऊन ते एकमेकांना जोडायचे. पालकांना बैलगाडीच्या उदाहरणाने लगेच समजेल. सुताराने चाक केले, लोहाराने धाव चढवली, आख बसवला, तर ती गाडी गावची. पण साठी, चाके, जू सगळे दुसरीकडून तयार आणले आणि आपण नुसते खिळे ठोकले, तर सुतार काय शिकला? एखादा भाग मोडला की पुन्हा दुसऱ्याच्या दारात. शेठजींना इंजिनासकट सगळी मोटार इथे करायची होती.

या कामात त्यांना फार मोठा माणूस भेटला, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन करतो तेच. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले, पुण्याच्या खडकवासला धरणाला आपोआप उघडणारी दारे त्यांनीच बसवली, आणि पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९३५ साली, वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेले असताना, ते युरोप-अमेरिकेला जाऊन मोटारीचे कारखाने बघून आले आणि मुंबईत कारखाना काढण्याची योजना त्यांनी तयार केली. यंत्रे कोणती, पैसा किती, गाड्या किती, सगळे त्यात होते. तप मोजायचे ते या सालापासून.

योजना झाली, पण एवढ्या मोठ्या कामाला सरकारचा हात लागतो. दिल्लीचे सरकार इंग्रजांचे. इथे मोटारी झाल्या तर विलायतेच्या मोटारी कोण घेणार? त्यामुळे तिकडून गोड बोलणे येई, मदत येत नसे. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. खेरसाहेब आणि त्यांचे मंत्री अनुकूल होते. त्यांनी पाठबळ द्यायची तयारी दाखवली. शेठजींना एवढे पुरेसे होते. १९३९ साली ते स्वतः अमेरिकेला, डेट्रॉइट शहरी गेले. तेव्हा जगातली मोटारींची राजधानी म्हणजे डेट्रॉइट.

पहिल्यांदा फोर्ड. फोर्डशी बोलणी झाली, पण हिंदुस्थानचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीच्या ताब्यात होता आणि तिच्याशी सूत जमले नाही. मग क्रायस्लर. क्रायस्लर कंपनी तयार झाली. डॉज, प्लिमथ, डी-सोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक हे सगळे तिचे. यंत्रांची माहिती ती देणार, गाडीचे आराखडे देणार. सगळे जमत आले होते.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले.

युद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढले म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेरसाहेब गेले. नंतर मुंबईत गव्हर्नरचा कारभार आला आणि दिलेला शब्द हवेत विरला. दिल्ली सरकारने सांगितले की युद्धकाळात मोटारीचा कारखाना ही काही निकडीची गोष्ट नाही. यंत्रे आणायला परवाना नाही, डॉलर नाहीत, बोटीत जागा नाही. आता विचार करा, युद्धात गाड्या लागत नाहीत का? ट्रक तर हजारोंनी लागत होते. ते बाहेरून आणत होते, पण इथे करू देत नव्हते. हे वाचताना आम्हांला खरोखर राग आला.

पण त्या अमेरिकेच्या फेरीतून शेठजी अगदीच रिकामे परत आले नाहीत. ते पॅसिफिक महासागरावरून विमानाने हाँगकाँगकडे येत होते. त्याच विमानात विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. चीनमध्ये त्यांचा विमाने जोडण्याचा कारखाना होता. तेव्हाचा तो प्रवास लांबचा, वाटेत बेटांवर मुक्काम करत करत व्हायचा. गप्पा झाल्या. आणि जो माणूस मोटारीसाठी गेला होता, तो विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन उतरला! विमाने मात्र इंग्रज सरकारला युद्धासाठी तातडीने हवी होती, त्यामुळे इथे दार उघडले. म्हैसूर संस्थानने बंगळूरला जमीन दिली आणि भांडवलात भाग घेतला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ साली तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. मग १९४२ साली सरकारने शेठजींचा हिस्सा घेऊन टाकला आणि कारखाना स्वतः चालवायला घेतला. पैसे मिळाले, पण हातातले काम गेले. आजची एच.ए.एल. ती हीच.

जहाज बांधण्याच्या कारखान्याचीही कथा फार वेगळी नाही. त्यांना तो कलकत्त्याला हवा होता, तिथे जागा मिळाली नाही. मग विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्षही झाले नाही तोच, ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. काम थांबले, यंत्रे हलवावी लागली. युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे आठ हजार टनांचे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ साली हाही कारखाना मुख्यतः सरकारकडे गेला.

या सगळ्या धावपळीत माणूस मोटार विसरून गेला असता तर आपण त्याला नाव ठेवले नसते. पण शेठजी विसरले नाहीत. १९४२ साली बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी काढली, म्हणजे शर्यतीत दुसराही गडी उतरला. युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, शेठजींनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. यंत्रे यायची होती, परवाने यायचे होते, तरी कंपनी आधी! जागा घेतली मुंबईत कुर्ल्याला. युद्ध संपले, क्रायस्लरशी ठरल्याप्रमाणे यंत्रे आली, आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच साली, कुर्ल्याच्या फाटकातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९३५ मधून १९४७ गाठा. बरोबर बारा.

शेठजी तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. सुरुवातीच्या या गाड्याही बऱ्याचशा अमेरिकेतून आलेल्या भागांच्याच होत्या. म्हणजे ज्या कामाला ते नुसती जोडणी म्हणत, तेच पहिल्यांदा त्यांनाही करावे लागले. कामगारांचा हात बसल्याशिवाय इंजिन कसे ओतणार? पण ते तिथे थांबले नाहीत. १९४९ पासून कुर्ल्यात एकेक भाग तयार होऊ लागला. पुन्हा अमेरिकन गाड्या मोठ्या, पेट्रोल भरपूर पिणाऱ्या. आपल्या लोकांच्या खिशाला त्या जड. म्हणून १९५१ साली इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. फियाटची गाडी लहान, सुटसुटीत, कमी पेट्रोलात जाणारी.

फियाटचा करार झाला तेव्हा शेठजी अंथरुणाला खिळले होते. १९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. १९५० साली त्यांनी कामातून अंग काढून घेतले. सकाळी एका गावी तर संध्याकाळी दुसऱ्या गावी असणारा माणूस, त्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय हलता येईना. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. त्यांच्या मागे चालवायला मुलगा नव्हता. लालचंद, गुलाबचंद हे भाऊ कारभार बघू लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे शेठजी वारले. वय सत्तर.

त्याच १९५३ साली भारत सरकारने मोटारींबद्दल निर्णय घेतला. ज्या कंपन्यांना इथे गाडी बनवायची आहे, भाग इथे करायचे आहेत, त्यांनीच राहावे. नुसत्या पेट्या उघडून जोडणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. ज्या बलाढ्य कंपन्यांच्या दारात शेठजी १९३९ साली गेले होते, त्यांतली एक अशी इथून निघून गेली, आणि कुर्ल्याचे फाटक उघडेच राहिले. हे बघायला शेठजी थोडे आणखी जगायला हवे होते, असे आम्हांला वाटते.

कुर्ल्याची फियाट पुढे घरोघरी माहीत झाली. १९७० नंतरच्या काळात तिचे नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाले. डॉक्टरांची गाडी ती, लग्नात नवरदेवाची गाडी ती, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही तीच. मुंबईला जाऊन आलेल्या पालकांपैकी बहुतेक जण तिच्यात बसले असतील. मागे तिघे, पुढे एक, आणि टपावर वळकटी. सन २००० च्या सुमारास ती बनणे बंद झाले. मुंबईत वीस वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी चालवता येत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीचा प्रवास संपला.

सोलापूर आणि सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना वालचंदांचे नाव आहे. २००४ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्यांच्या घरी जुनी टपाल तिकिटे असतील त्यांनी त्यात शोधून पाहावे, आणि सापडल्यास फलकावर लावण्यासाठी गुरुजींकडे आणून द्यावे. जपून परत दिले जाईल.